डोक्यावर विमान, थांब्यावर रांग. जबाबदार मंत्री कोण?

रात्रीचे दोन वाजलेले असतात. कुर्ला पश्चिमेच्या जरीमरी भागात एका पत्र्याच्या खोलीत पाच माणसे झोपलेली असतात. घाटकोपरच्या बाजूने विमान धावपट्टीवर उतरायला येते. आधी लांबून घरघर ऐकू येते, मग पत्रा थरथरतो, फळीवरची भांडी वाजतात, तान्हे पोर दचकून रडायला लागते. आई त्याला थोपटते. ते झोपते न झोपते तोच दुसरे विमान येते. पहाटे साडेचारला नळाला पाणी येते म्हणून आई उठते. पाच वाजता बाप कामाला निघतो आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहतो. बस येत नाही. आली तर थांबत नाही. थांबली तर पाय ठेवायला जागा नसते. या माणसाची रात्र विमानाने खाल्ली आणि सकाळ बसने खाल्ली. दिवसाचा जो उरलेला भाग आहे, तो मालकाचा आहे.

आता या माणसाने दाद मागायची ठरवली तर त्याने कोणाकडे जावे? विमानाच्या आवाजाबद्दल पोलीस ठाण्यात गेला तर पोलीस म्हणतात, विमान आमच्या हद्दीत येत नाही. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेला तर तिथले साहेब म्हणतात, विमानतळाला विचारा. विमानतळ चालवणारी कंपनी म्हणते, आम्ही नियमानुसार चालतो, नियम दिल्लीत होतात. बसबद्दल राज्याच्या परिवहन खात्याकडे गेला तर ते म्हणतात, बेस्ट महापालिकेची आहे. बेस्टकडे गेला तर ते म्हणतात, ही गाडी आमची नाही, कंत्राटदाराची आहे. पाच दारे, पाच उत्तरे आणि प्रत्येक उत्तराचा अर्थ एकच, आम्ही जबाबदार नाही! मग आमचा साधा प्रश्न आहे. या देशात मंत्री नावाची जी व्यक्ती असते, ती कशासाठी असते?

बाबासाहेबांनी रोजचा हिशेब मागितला होता

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हाला फार लांब जावे लागत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच विषय उलगडून सांगितला होता. लोकशाहीतले सरकार स्थिर असले पाहिजे आणि जबाबदारही असले पाहिजे, पण या दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेची पद्धत स्थिरता जास्त देते, जबाबदारी कमी देते. ब्रिटनची संसदीय पद्धत जबाबदारी जास्त देते, स्थिरता कमी देते. बाबासाहेबांच्या मसुद्याने यातून जबाबदारीची निवड केली.

का केली? कारण संसदीय पद्धतीत मंत्र्याचा हिशेब दोनदा होतो. पाच वर्षांतून एकदा मतदार करतो आणि रोजच्या रोज सभागृह करते. प्रश्न विचारून, ठराव मांडून, स्थगन प्रस्ताव आणून, अविश्वास दाखवून. भारतासारख्या देशाला हा रोजचा हिशेब फार गरजेचा आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. ज्याच्याकडे पैसा आहे, ओळख आहे, तो मंत्र्याला केव्हाही गाठू शकतो. ज्याच्याकडे फक्त मत आहे, त्याला पाच वर्षे थांबावे लागते. हे अंतर कमी करायचे तर सभागृहात रोज कोणीतरी उभे राहून त्याच्या वतीने विचारले पाहिजे. म्हणून अनुच्छेद ७५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला आणि अनुच्छेद १६४ मध्ये राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार ठरवले गेले. हे शोभेचे वाक्य नाही. जरीमरीच्या त्या खोलीतल्या माणसाला दिलेला तो हक्क आहे.

हा हक्क आज कागदावर शाबूत आहे. पण जबाबदारी इतक्या तुकड्यांत वाटून टाकली आहे की एकही तुकडा कोणाच्या हाताला लागत नाही. सातव्या अनुसूचीत रेल्वे आणि विमानतळ केंद्राच्या यादीत आहेत. सार्वजनिक आरोग्य आणि रस्ते राज्याच्या यादीत आहेत. ही विभागणी संघराज्यासाठी आवश्यकच होती. पण कामाची वाटणी म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे. राज्यकर्त्यांनी वाटणीचा उपयोग नेमका सुटकेसाठी केला. त्यावर पुन्हा महामंडळे, प्राधिकरणे, कंपन्या आणि कंत्राटदार यांचे थर चढवले.

आवाजाचे दोन कायदे

आधी आवाजाचे पाहू. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. त्यानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. शाळा आणि रुग्णालयांभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते आणि तिथे मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटापासून मुक्त राहणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०१२ साली रामलीला मैदान प्रकरणात झोप हासुद्धा त्याच हक्काचा भाग असल्याचे याच न्यायालयाने सांगितले.

हे नियम आम्हाला चांगले ठाऊक आहेत. रात्री दहा वाजले की पोलिसांची गाडी वस्तीत येते आणि ध्वनिक्षेपक बंद होतो. तो बंद झालाच पाहिजे. आजारी माणसाला, परीक्षेला बसणाऱ्या पोराला त्रास देऊन जयंती साजरी करणे बाबासाहेबांना मान्य झाले नसते. पण आमचे विचारणे एवढेच आहे की दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करणाऱ्या कायद्याला त्याच वस्तीवरून दोन वाजता जाणारे विमान का ऐकू येत नाही?

कारण विमानाला वेगळा कायदा आहे. जून २०१८ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने विमानतळांभोवतीच्या ध्वनिक्षेत्रासाठी स्वतंत्र मानके काढली. वर्षाला ५० हजारांहून अधिक विमानांची ये-जा असलेला विमानतळ गजबजलेला धरला जातो. तिथे मर्यादा दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल आहे. मुंबईच्या विमानतळावर वर्षाला तीन लाखांहून अधिक वेळा विमाने चढतात-उतरतात आणि हा विमानतळ चोवीस तास चालू असतो.

आता ४५ आणि ६५ यांत फरक फक्त वीसचा दिसतो. पण डेसिबल ही साधी फूटपट्टी नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, २० वाढले की शंभरपट होते. म्हणजे इतर निवासी भागात रात्री जेवढी ध्वनिऊर्जा चालते, तिच्या शंभरपट ऊर्जा विमानतळाशेजारच्या माणसाने सहन करावी, असे सरकारनेच लिहून दिले आहे. शिवाय ही मोजणी सरासरीची आहे. विमान अर्धा मिनिट डोक्यावर गरजते आणि जाते, मग थोडी शांतता असते, पुन्हा विमान येते. रात्रभराची सरासरी काढली की आकडा खाली येतो. पण माणूस सरासरीने झोपत नाही. रात्रीतून वीस वेळा दचकून उठलेल्या माणसाला सरासरी दाखवून काय उपयोग?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच युरोपसाठी मार्गदर्शक सूत्रे काढली. विमानांचा रात्रीचा आवाज सरासरी ४० डेसिबलच्या खाली असावा, अशी तिची शिफारस आहे. एकाच वर्षी तिकडे ४० ची शिफारस होते आणि इकडे ६५ चा नियम होतो! दोन्हीकडे सरासरी काढण्याची रीत थोडी वेगळी असेल, पण तेवढ्याने ही दरी भरून निघत नाही. माणसाचा कान युरोपात नाजूक आणि कुर्ल्यात लोखंडी असतो काय?

आणि हा आवाज मोजायचा कोणी? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीप्रमाणे मापनाचे आणि नकाशाचे काम विमानतळ चालवणाऱ्याकडे आहे. म्हणजे ज्याच्या धंद्याचा आवाज, त्याच्याच हातात मोजपट्टी. त्याच्यावर लक्ष ठेवणारे महासंचालनालय ज्या मंत्रालयाखाली येते, त्याच मंत्रालयाचे दुसरे काम विमानांची संख्या वाढवण्याचे आहे. मुंबई विमानतळाचा कारभार २००६ पासून खासगी भागीदारीत गेला आणि २०२१ मध्ये या कंपनीचा ताबा एका उद्योगसमूहाकडून दुसऱ्याकडे गेला. विमानतळाचा मालक बदलला की वर्तमानपत्रांची पाने भरतात. धावपट्टीच्या टोकाला राहणाऱ्याची झोप कोणाच्या ताब्यात आहे, यावर मात्र बातमी होत नाही.

आवाज कोणाच्या वाट्याला?

विमानतळाच्या कुंपणाला लागून राहणारी माणसे हौसेने तिथे गेलेली नाहीत. १९७२ च्या दुष्काळात आणि त्याच्या आगेमागे मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून जी माणसे मुंबईत आली, त्यांना शहराने चांगली जागा दिली नाही. नाल्याच्या काठाला, रुळाच्या कडेला, डोंगराच्या उतारावर आणि विमानतळाच्या भिंतीला जी जागा उरली होती, तिथे त्यांनी पत्रे उभे केले. गावात गावकुसाबाहेर आणि शहरात कुंपणाबाहेर! विमानतळाच्या जमिनीवरील झोपड्यांत सुमारे ८० हजार कुटुंबे असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते. त्यांच्या पुनर्वसनाचे करार झाले आणि मोडले.

या कुटुंबांनी आवाजाची तक्रार केली तर पहिला प्रतिप्रश्न असतो, तुम्ही इथे राहताच कसे? अतिक्रमण करणाऱ्याला झोपेचा हक्क कसला? परदेशात विमानतळाशेजारच्या घरांना दुहेरी काचा बसवून देण्याच्या योजना आहेत. आमच्याकडे अशी योजना उद्या आली तरी ती कोणाला मिळेल? ज्याच्याकडे घराचा कागद आहे त्याला. पत्र्याच्या खोलीला दुहेरी काच कुठे बसवणार?

या आवाजाचे सर्वांत मोठे नुकसान आमच्या लेकरांचे आहे. जर्मनीत म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद झाला आणि नवा दुसरीकडे सुरू झाला. तिथल्या संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांची तपासणी केली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण सुधारले, नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे घसरले. मुले तीच होती, फक्त डोक्यावरचे विमान हलले होते. शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या आमच्या समाजाने हा निष्कर्ष नीट समजून घ्यावा. आम्ही पोराला वही घेऊन देतो, शिकवणी लावतो आणि तरी त्याचे लक्ष लागत नाही म्हणून त्यालाच रागावतो. त्याच्या वाचनाचे वाक्य दर काही मिनिटांनी कोण तोडते आहे, याचा हिशेब आम्ही कधी मागितलाच नाही.

२०१७ मध्ये ‘उडान’ योजना सुरू करताना, हवाई चप्पल घालणाराही आता विमानात बसेल, असे देशाला सांगण्यात आले. मुंबईच्या विमानतळावरून वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी ये-जा करतात. हवाई चप्पल घालणारा मात्र अजून खाली उभा आहे. त्याच्या वाट्याला विमानाचा फक्त आवाज आला.

थांब्यावरची रांग

हाच माणूस पहाटे बसची वाट पाहतो. बेस्टच्या ताफ्यात २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. जून २०१९ मध्ये जो करार झाला, त्यात स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखण्याचे वचन बेस्टने दिले होते. पुढे जुन्या गाड्या भंगारात गेल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या नव्या पुरेशा आल्या नाहीत, आणि स्वमालकीच्या गाड्यांची संख्या हजाराच्याही खाली घसरली. बाकी गाड्या भाडेतत्त्वावर कंत्राटदारांच्या. गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, बाहेरून रंग बेस्टचा. त्याच शहरात भुयारी मेट्रोच्या एका मार्गिकेवर ३७ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. आम्हाला मेट्रो नको आहे असे नाही. पण मेट्रोच्या स्थानकापर्यंत नेणारी बसच नाहीशी झाली, तर गरिबाने भुयारात उतरायचे कसे?

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला बेस्टची भाडेतत्त्वावरील एक विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली. किमान सात जण मरण पावले, अनेक जखमी झाले. चालकाला ती गाडी चालवण्याचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते काय, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. चालकाला अटक झाली. चालकाची चूक असेल तर न्यायालय ठरवील. पण अशा चालकाच्या हाती अशी गाडी देणारी पद्धत कोणी आणली? त्या पद्धतीवर सही कोणाची होती?

९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले, वातानुकूलित गाडीचे ६ वरून १२. एका फटक्यात दुप्पट! घरकामाला दोन बस बदलून जाणाऱ्या बाईला दिवसाला वीस रुपये जास्त, महिन्याला पाचशे. आणि आता वाचकांनी नीट लक्ष द्यावे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे या शहरात निवडून आलेले सभागृहच नव्हते. बेस्ट समिती नव्हती. कुर्ल्याचा अपघात याच काळात झाला, भाडेवाढ याच काळात झाली. म्हणजे ज्या दिवशी रोजचा हिशेब मागायची सर्वाधिक गरज होती, त्या दिवशी हिशेब मागणारी खुर्चीच रिकामी होती. प्रशासकाने ठरवले, महानगर परिवहन प्राधिकरणाने मान्यता दिली आणि प्रवाशाने पैसे मोजले. महापालिकेच्या निवडणुका लांबणीवर टाकणे हा राजकारण्यांचा खेळ आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणणाऱ्यांना ही दुप्पट भाडेवाढ हे उत्तर आहे.

एसटीची कथा वेगळी नाही. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कामगारांनी शासनात विलीनीकरणासाठी संप केला. तुटपुंज्या आणि उशिराच्या पगाराने गांजलेल्या कामगारांनी आत्महत्या केल्या. तेव्हा शासनाचे म्हणणे होते, महामंडळ स्वतंत्र आहे. पण मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत जाहीर झाली, तेव्हा ती शासनाची सवलत होती आणि फलकावर फोटो नेत्यांचे होते. सवलत चांगलीच आहे, आमच्या आयाबहिणींना तिचा लाभ झाला. परंतु सवलत देताना एसटी शासनाची आणि पगार देताना एसटी महामंडळाची, हा कोणता न्याय? १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याच्या कलम ३४ ने राज्य शासनाला महामंडळाला निर्देश देण्याचा अधिकार दिला आहे. जिथे अधिकार आहे, तिथे जबाबदारीही आहे.

श्रेय वर चढते, दोष खाली उतरतो

जातिव्यवस्थेचे वर्णन बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता असे केले. वर जावे तसा मान वाढतो, खाली यावे तशी अवहेलना वाढते. आमच्या राज्यकारभारात जबाबदारीची अशीच उतरंड रचली गेली आहे. पुलाचे, मेट्रोचे, विमानतळाचे उद्घाटन असले की श्रेय सरळ वर चढते. माणसे मेली की दोष पायऱ्या उतरत खाली येतो आणि जिथे आणखी खाली जायला जागा नसते, तिथे थांबतो.

उदाहरणे पाहा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. रेल्वेच्या चौकशीने बोट ठेवले ते पावसावर! २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ २९० हून अधिक प्रवासी मरण पावले. सीबीआयने अटक केली ती रेल्वेच्या तीन कर्मचाऱ्यांना. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या एसटीत एका तरुणीवर अत्याचार झाला. लगेच आदेश निघाले ते तिथले सुरक्षारक्षक बदलण्याचे. पाऊस, तंत्रज्ञ, सुरक्षारक्षक, चालक! या यादीत मंत्री कुठे आहे?

हे नेहमीच असे नव्हते. १९५६ मध्ये आधी महबूबनगरला आणि मग नोव्हेंबरमध्ये अरियालूरला रेल्वे अपघात झाले. पूल कोसळला तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री तिथे उभे नव्हते. तरीही त्यांनी राजीनामा दिला. १९९९ मध्ये गैसलच्या अपघातानंतर नितीशकुमारांनी रेल्वेमंत्रिपद सोडले. हे नेते आमच्या विचारांचे होते म्हणून आम्ही त्यांची आठवण काढत नाही. खात्यातल्या शेवटच्या माणसाच्या चुकीचे उत्तर खात्याच्या प्रमुखाने द्यायचे असते, हा संसदीय लोकशाहीचा नियम तेव्हा पाळला गेला, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे.

मात्र आम्ही राजीनाम्याच्या नाटकातही अडकू नये. राजीनामा हा माणसे मेल्यानंतरचा हिशेब आहे. बाबासाहेबांनी सांगितलेला रोजचा हिशेब माणसे मरू नयेत म्हणून आहे. मुंबईच्या लोकल मार्गांवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसांचा जीव गेला. ही माणसे एका दिवशी एका गाडीत मेली असती तर देश हादरला असता. रोज सहा-सात मरतात म्हणून कोणी हादरत नाही. विमानाच्या आवाजाने तर कोणी मेले असे दिसतही नाही. रक्तदाब वाढतो, हृदय थकते आणि दाखल्यावर दुसरेच कारण लिहिले जाते. अशा हळूहळू होणाऱ्या अन्यायाला राजीनाम्याची मागणी पुरत नाही. त्याला रोजचे प्रश्न लागतात.

विकासाला विरोध नव्हे

आम्ही हे लिहिले की काही शहाणे म्हणतील, यांना विमानतळच नको आहे. हा आरोप खोटा आहे. विमानतळावर सामान चढवणारे, सफाई करणारे, गाड्या चालवणारे हात बहुतेक आमच्याच वस्त्यांतले आहेत. रात्रपाळी करून आलेला तोच कामगार दिवसा त्याच आवाजाखाली झोपायचा प्रयत्न करतो. आम्हाला रोजगार हवा आणि झोपही हवी. या दोन गोष्टींत निवड करायला लावणे हीच फसवणूक आहे.

उपाय अशक्य नाहीत. रात्रीच्या विमानांच्या संख्येवर मर्यादा घालता येते. जास्त आवाज करणाऱ्या विमानाकडून जास्त शुल्क घेता येते. रात्री उतरताना इंजिनाचा उलटा जोर कमी वापरायला सांगता येते, इंजिनाच्या चाचण्या रात्री बंद ठेवता येतात. ब्रिटनमध्ये रेल्वे, रस्ते आणि विमान वाहतूक एकाच परिवहन मंत्र्याच्या खात्यात आहेत. १९८२ च्या कायद्याने लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील रात्रीच्या उड्डाणांवर मर्यादा तोच मंत्री घालतो. रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळात तिथे वर्षाला ५,८०० विमानांची मर्यादा आहे. तिथले लोकही समाधानी नाहीत. ते युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले, २००१ मध्ये जिंकले आणि २००३ मध्ये मोठ्या पीठापुढे मुख्य मुद्द्यावर हरले. पण दार कोणाचे ठोठवायचे, हे त्यांना ठाऊक होते. आमच्या माणसाला दारच सापडत नाही.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. आता मुंबईच्या रात्रीचा भार कमी करायला जागा नाही, ही सबब संपली. पण जुन्या विमानतळाची रात्र उचलून उलव्याच्या माथी मारणे हा उपाय नव्हे. ज्या गावांनी या विमानतळासाठी जमिनी दिल्या, त्यांच्या लेकरांना म्युनिकच्या नव्या विमानतळाजवळच्या मुलांची गत व्हायला नको. वस्ती दाट होण्याआधी ध्वनीचे नकाशे जाहीर करणे आणि रात्रीच्या मर्यादा ठरवणे आजच शक्य आहे. दहा वर्षांनी तेच लोक अतिक्रमणवाले ठरतील.

आता आम्ही विचारायचे आहे

कुर्ला हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. महाराष्ट्रात असे २९ राखीव मतदारसंघ आहेत. त्या जागा बाबासाहेबांच्या संघर्षातून मिळाल्या आहेत. तिथून निवडून जाणाऱ्यांनी फक्त ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊन भागणार नाही. बसबद्दल विधानसभेत तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी मांडता येते. विमानाच्या आवाजाबद्दल लोकसभेत प्रश्न विचारता येतो. खासदार, आमदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला आमचे मत लागते. मग आमचे प्रश्नही त्याने न्यावेत.

प्रश्न अवघड नाहीत. विमानतळाभोवतीच्या ध्वनिक्षेत्राचा नकाशा मराठीत वस्तीत कधी लावणार? आवाज मोजणारी यंत्रे कुठे बसवली आहेत आणि त्यांचे रोजचे आकडे लोकांना कुठे पाहता येतील? रात्री दहा ते सकाळी सहा किती विमाने आमच्या डोक्यावरून गेली? विमानमार्गाखालच्या पालिका शाळांसाठी काय केले? बेस्टच्या स्वतःच्या गाड्या ३,३३७ व्हायच्या होत्या, त्यांचे काय झाले? कंत्राटी चालकाला किती दिवस प्रशिक्षण मिळते आणि त्यावर सही कोणाची असते? अपघातानंतर चालकाच्या वरच्या कोणत्या अधिकाऱ्याला जाब विचारला?

प्रत्येक विहाराने, प्रत्येक मंडळाने, महिला मंडळाने हे सात प्रश्न एका कागदावर उतरवावेत, खाली वस्तीच्या सह्या घ्याव्यात आणि आपल्या आमदार-खासदाराला द्यावेत. पोच घ्यावी. माहितीच्या अधिकारात हेच प्रश्न त्या त्या खात्याला पाठवावेत. दहा रुपयांचा अर्ज आहे, तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘हा विषय आमचा नाही’ असे उत्तर आले तर त्याच कायद्याच्या कलम ६ चे पोटकलम ३ दाखवावे. अर्ज ज्या खात्याचा असेल तिकडे पाठवणे हे त्यांचेच काम आहे, तुमचे नव्हे. टोलवाटोलवीवर या देशाच्या कायद्यात एवढे तरी औषध आहे, ते आम्ही वापरले पाहिजे. आलेली उत्तरे वस्तीच्या फळ्यावर लावावीत. पुढच्या निवडणुकीत मत मागायला कोणी आले की त्याला आधी त्या फळ्यासमोर उभे करावे.

बाबासाहेबांनी आम्हाला मत दिले ते पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावण्यासाठी नव्हे. रोज विचारण्यासाठी दिले. जो समाज विचारणे सोडतो, त्याच्या डोक्यावरून विमाने जातात आणि समोरून बस निघून जाते. आम्ही विचारू या. आज रात्री दोन वाजता पत्रा वाजेल तेव्हा कूस बदलून झोपायचा प्रयत्न करण्याआधी, घड्याळ पाहून वेळ वहीत टिपून ठेवा. महिनाभराची ती वही हाच आमचा पहिला पुरावा असेल.